चौदा इंजेक्शनं, परळ आणि टी-पेशी: मल्टिपल स्क्लेरोसिसचा एक इतिहास

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्यासाठी आहे. लहानपणी कुत्रा चावल्यावर पोटात इंजेक्शनं घेतलेले किती जण आहेत? स्वतः नसतील घेतली, तर घरात, आळीत कुणाला घेताना पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, बरेच हात वर आले. ‘चौदा इंजेक्शनं’ हा शब्द आपल्या पिढीला धाक दाखवायला पुरेसा होता. कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, असं प्रत्येक आजी सांगायची.

आजचा विषय मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. या आजारात माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये काय बदल होतो आणि तो बदल माणसाला कसा कळत गेला, हा आपण आज पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात कुत्र्याचं इंजेक्शन कुठून आलं? तर या इतिहासाचा एक मोठा धागा त्याच इंजेक्शनातून निघतो. आणि दुसरा धागा आपल्या या किनाऱ्यावरून, संजाणकडून खाली येतो. दोन्ही धागे मुंबईत एकत्र येतात. म्हणून कळंबला बसून हा इतिहास सांगणं आम्हाला फार लांबचं वाटत नाही.

आधी आजार काय ते

आपल्या नसा म्हणजे विजेच्या वायरी समजा. वायरीवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं तसं मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. ते असलं की संदेश वेगानं आणि नीट जातो. एमएसमध्ये हे आवरण जागोजागी खरवडलं जातं. जिथे खरवडलं जातं तिथे पुढे एक घट्ट चट्टा तयार होतो. स्क्लेरोसिस म्हणजे घट्ट होणं, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी.

चट्टा कुठे पडला त्यावर लक्षण ठरतं. डोळ्याच्या नसेवर पडला तर एका डोळ्याला धुरकट दिसतं, डोळा हलवला की दुखतं. मज्जारज्जूत पडला तर पाय बधिर होतो, जड होतो, लघवीवरचा ताबा जातो. मेंदूच्या मागच्या भागात पडला तर तोल जातो. आणि गंमत अशी, गंमत कसली, घात असा, की बऱ्याच जणांत हे काही आठवड्यांनी आपोआप बरं होतं. मग महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरीकडेच काहीतरी होतं. बहुतेक रुग्ण विशी ते चाळिशीतले असतात आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. आता विचार करा, पंचविशीतली सून म्हणते पायात जीव नाही, आणि महिन्याभरानं ती चालायला लागते. घरचे काय म्हणणार? अशक्तपणा, नाटक, नाहीतर बाहेरचं काहीतरी. आजारानं दिलेला त्रास एक आणि त्यावर कुणी विश्वास न ठेवल्याचा त्रास दुसरा. हे मनात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

या आजाराला स्वतंत्र ओळख दिली ती पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी, 1868 मध्ये. रुग्ण जिवंत असताना काय दिसलं आणि मेल्यानंतर मेंदूत काय सापडलं, याची सांगड त्यांनी घातली. पण त्याआधी पाच वर्षं, 1863 मध्ये, रिंडफ्लाइश या जर्मन शास्त्रज्ञानं एक बारीक गोष्ट टिपून ठेवली होती. ताज्या चट्ट्यांच्या मधोमध त्याला एक छोटी रक्तवाहिनी दिसत होती. म्हणजे जे काही नुकसान करतंय ते रक्तातून आत येत असावं. हा सुगावा चांगला होता, पण रक्तातून येतंय काय, हे सांगायला पुढची जवळपास शंभर वर्षं लागली.

कुत्र्याचं इंजेक्शन

आता इंजेक्शनाकडे येऊ. 6 जुलै 1885 रोजी पाश्चर यांनी पॅरिसमध्ये एका पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या मुलाला लस द्यायला सुरुवात केली. ती लस कशाची होती? पिसाळीचा विषाणू ज्यात वाढवलाय अशा सशाच्या मज्जारज्जूची, वाळवून दुबळी केलेली. हजारोंचे जीव वाचले. पण थोड्याच वर्षांत एक विचित्र गोष्ट लक्षात यायला लागली. लस घेतलेल्यांपैकी अगदी थोड्यांना दोन-तीन आठवड्यांत पक्षाघातासारखं काहीतरी व्हायचं. पाय जायचे, लघवी अडायची, काही दगावायचे. आणि हा काही पिसाळ रोग नव्हता. लस दिली नसती तरी जे झालं असतं तसं हे नव्हतं.

भारतात 1900 मध्ये हिमाचलातल्या कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे डेव्हिड सेम्पल यांनी 1911 च्या सुमारास लसीची एक सोपी पद्धत बसवली. जनावराच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू वाटून त्याचं पाणी करायचं आणि फिनॉलनं विषाणू मारून टाकायचा. पुढे यासाठी मेंढीचा मेंदू वापरू लागले. स्वस्त, करायला सोपी आणि गरीब देशाला परवडणारी ही लस देशभर अनेक ठिकाणी तयार होऊ लागली. आपल्या पोटात टोचलेली ती हीच. डोस मोठा असायचा, म्हणून पोटाच्या सैल कातडीखाली द्यायचे आणि रोज एक असे दिवसेंदिवस द्यायचे.

म्हणजे नीट बघा काय होत होतं. पिसाळीचा मेलेला विषाणू आणि त्याच्याबरोबर मेंढीच्या मेंदूचा भरपूर भाग, त्यातल्या मायलिनसकट, माणसाच्या शरीरात पुन्हा पुन्हा टोचला जात होता. शरीर विषाणूला ओळखायला शिकत होतं, ते तर हवंच होतं. पण सोबत ते आणखी काय शिकत होतं?

हा प्रश्न न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या थॉमस रिव्हर्स यांनी घेतला. त्यांनी 1933 आणि 1935 मध्ये माकडांवर प्रयोग केले. लसीतला विषाणू काढून टाकला आणि फक्त निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क दिला. पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने इंजेक्शनं दिली. काही माकडांचे पाय लुळे पडले. मेंदू तपासला तर रक्तवाहिन्यांच्या भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी आणि मायलिन नष्ट झालेलं. विषाणू नव्हताच. म्हणजे दोष होता तो मेंदूच्या अर्कामुळे शरीरानं घेतलेल्या धड्याचा. परक्याचं मायलिन ओळखायला शिकलेल्या पेशी स्वतःच्या मायलिनवर चालून गेल्या होत्या.

एमएसच्या इतिहासात या माकडांना फार महत्त्व आहे. तोपर्यंत लोक जंतू शोधत होते, विष शोधत होते, रक्ताच्या गुठळ्या शोधत होते. रिव्हर्सनंतर पहिल्यांदा असं म्हणता आलं की शरीराचे राखणदारच घर फोडू शकतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण गैरसमज जीवघेणा ठरेल. लसीनंतरचा तो पक्षाघात म्हणजे एमएस नव्हे. तो एकदाच यायचा, एमएस वारंवार येतो किंवा हळूहळू वाढत जातो. आणि मेंदूपासून केलेली ती लस आता बंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1980 च्या दशकातच ती सोडा असं सांगितलं होतं. भारतात ती 2004 च्या अखेरीस थांबली. आजची लस पेशींच्या संवर्धनात बनते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो, आणि ती दंडात मोजक्या डोसांत देतात. कुत्रा चावला तर जखम साबणानं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हे व्याख्यान ऐकून कुणी लस टाळली तर आमचं बोलणं फुकट गेलं असं समजू.

कोणती पेशी?

राखणदार फितूर आहे हे कळलं, पण राखणदार अनेक आहेत. त्यातला कोणता?

पहिला संशय आला तो प्रतिपिंडांवर, म्हणजे रक्तात तरंगणाऱ्या अँटिबॉडींवर. 1942 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एल्विन काबॅट आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं सापडलं, आणि ती बाहेरच्या रक्तातून झिरपलेली नव्हती. मेंदूच्या आतच कुणीतरी ती बनवत होतं. आजही निदान करताना पाठीतलं पाणी काढून प्रतिपिंडांच्या पट्ट्या बघतात, त्याचं मूळ इथे आहे.

पण 1960 मध्ये फिलिप पॅटरसन यांनी वेगळंच दाखवलं. आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथींमधल्या, म्हणजे आपण ज्याला अवधाण आलं म्हणतो त्या गाठींमधल्या पेशी, निरोगी उंदरांना दिल्या. निरोगी उंदीर आजारी पडले. म्हणजे आजार पेशींबरोबर जातो. त्याच दशकात जाक मिलर यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचं काम शोधलं आणि पांढऱ्या पेशींतल्या लिंफोसाइटचे दोन प्रकार वेगळे झाले: थायमसमध्ये तयार होणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी.

टी-पेशी विषाणूला सरळ बघत नाही. दुसरी पेशी तिच्यापुढे एका थाळीवर तुकडे ठेवते, ते बघून ती ठरवते आपलं की परकं. या थाळ्यांची घडण आई-वडिलांकडून येते. 1970 च्या दशकात युरोपात दिसलं की एमएसच्या रुग्णांमध्ये एका ठरावीक घडणीची थाळी नेहमीपेक्षा जास्त वेळा सापडते. आज तिला डीआर-15 म्हणतात. मग 1981 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी मायलिनच्या एकाच प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी बाटलीत वाढवल्या आणि निरोगी उंदरांना टोचल्या. उंदीर लुळे पडले. खटला जवळजवळ निकाली निघाला असं वाटलं. गुन्हेगार टी-पेशी.

पण मंडळी, 1990 च्या सुमारास एक अडचण उभी राहिली, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हाच खरा वळणाचा टप्पा आहे. शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं. त्यांच्याही रक्तात मायलिनला ओळखणाऱ्या टी-पेशी निघाल्या! तुमच्या आहेत, आमच्या आहेत, या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या असतील. थायमस ही शाळा आहे, ती स्वतःवर उलटतील अशा बहुतेक पेशी काढून टाकते, पण काही सुटतातच. मग आपण सगळे आजारी का नाही?

याचं उत्तर पेशींच्या संख्येत नाही, त्यांच्या अवस्थेत आहे. निरोगी माणसात या पेशी कोऱ्या असतात, झोपलेल्या म्हणा. एमएसच्या रुग्णांमध्ये त्या जाग्या झालेल्या, आठवण असलेल्या असतात, आणि त्यांना चढाई करायला दुसऱ्याची परवानगी फारशी लागत नाही, असं 1998 च्या सुमाराच्या अभ्यासांत दिसलं. दुसरी बाजू 2004 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हाफलर यांच्या गटानं दाखवली. टी-पेशींमध्येच एक जात बाकीच्यांना आवर घालणारी असते. एमएसच्या रुग्णांत या मुकादम पेशींची संख्या कमी नव्हती, पण त्यांचा धाक कमी झाला होता. म्हणजे साध्या रक्ततपासणीत आकडे अगदी ठीक येतील आणि तरी आत कारभार बिघडलेला असेल. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ असं म्हणून ज्यांना घरी पाठवलं गेलं, त्यांच्यासाठी हे वाक्य महत्त्वाचं आहे.

औषधांनी शिकवलेलं

पेशींबद्दलचं पुढचं ज्ञान प्रयोगशाळेपेक्षा औषधांनी दिलं, आणि त्यात चुकांचा वाटा मोठा. इंटरफेरॉन हे पेशींनी एकमेकांना द्यायचे निरोप. 1987 मध्ये अमेरिकेत गॅमा जातीचं इंटरफेरॉन 18 रुग्णांना देऊन पाहिलं. सात जणांचा आजार उसळला. प्रयोग थांबवला. पण त्यातून कळलं की टी-पेशींना चेतवणारा हा निरोप माणसातही आजार वाढवतो. उंदरावरचं अनुमान माणसावर खरं ठरलं, पण त्याची किंमत त्या रुग्णांनी दिली. बीटा जातीचं इंटरफेरॉन मात्र उपयोगी पडलं, आणि 1993 मध्ये ते एमएसवरचं मंजूर झालेलं पहिलं असं औषध ठरलं जे हल्ल्यांची संख्या कमी करतं.

मग आलं नॅटॅलिझुमॅब. 1992 मध्ये असं दाखवलं गेलं होतं की पांढऱ्या पेशी एका ठरावीक आकड्यानं मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला अडकतात आणि आत शिरतात. तो आकडा झाकला तर शिरकाव थांबतो. रिंडफ्लाइशनं 1863 मध्ये पाहिलेली रक्तवाहिनी आठवा! त्याच दारावर हे औषध पहारा बसवतं. 2004 मध्ये मंजुरी मिळाली, फार चांगला गुण आला. पण 2005 च्या फेब्रुवारीत ते मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी गप्प बसणारा एक विषाणू माजला. दाराशी अडवलेल्या पेशींत चोर होते तसे पोलीसही होते. 2006 मध्ये ते कडक देखरेखीच्या अटीवर परत आलं.

सगळ्यात मोठा धक्का 2008 चा. स्टीफन हाउझर आणि सहकाऱ्यांनी 104 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध होतं रिटुक्सिमॅब, जे बी-पेशी संपवतं, टी-पेशींना जवळजवळ हात लावत नाही. इतकी वर्षं टी-पेशींचा खटला चालवणाऱ्यांना यातून फार अपेक्षा नव्हती. पण एमआरआयवरचे ताजे चट्टे नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाले. आणि रक्तातली प्रतिपिंडं मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. म्हणजे बी-पेशींचा गुन्हा प्रतिपिंडं बनवण्याचा नव्हता, निदान तेवढाच नव्हता. त्या टी-पेशींपुढे थाळी धरत होत्या, त्यांना चेतवत होत्या. याच वाटेनं पुढे 2017 मध्ये ओक्रेलिझुमॅब आलं.

मग बी-पेशींना कोणी बिघडवलं? 2022 च्या जानेवारीत हार्वर्डच्या गटानं अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा आधार घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, जो बी-पेशींतच घर करतो, त्याची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढतो असं दिसलं. तपासलेल्या 801 रुग्णांपैकी फक्त एकाच्या रक्तात या विषाणूची खूण नव्हती. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं दाखवलं की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो. परक्याला ओळखायला शिकलेली पेशी आपल्याच घरच्यावर उलटते. मेंढीच्या मेंदूच्या लसीत जे घडत होतं, त्याच्याच जवळची ही गोष्ट. फरक इतकाच की इथे इंजेक्शन कुणी टोचलेलं नाही.

पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांत असतो. मग एमएस मोजक्याच लोकांना का? याचं उत्तर शोधताना आपण आपल्या किनाऱ्यावर येतो.

संजाण ते मुंबई

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुस्तकांत लिहिलेलं असायचं की एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार, आशियात तो फारच विरळा. मुंबईत जेजे रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि पुढे बॉम्बे हॉस्पिटलमध्ये डॉ. भीम सिंघल यांनी रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये मुंबई परिसरातल्या एमएसचं चित्र दोघांनी मिळून प्रसिद्ध केलं. आजार होता. विरळा होता, पण होता.

त्यातच एक गोष्ट ठळक झाली, ती पारशी समाजाची. 1988 मध्ये डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. 14 हजारांवर माणसं तपासली गेली होती. 1990 मध्ये वाडिया आणि भाटिया यांचा अभ्यास आला. पारशांत एमएसचं प्रमाण लाखामागे वीस ते सव्वीसच्या घरात निघालं. बाकी भारतीयांसाठी तेव्हा रुग्णालयांच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज लाखामागे एक-दोनचा होता.

पारशी आपल्याला परके नाहीत. आठव्या ते दहाव्या शतकात केव्हातरी इराणातून निघालेले हे लोक संजाणला उतरले, जे आज आपल्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच गुजरातेत आहे. इथून जवळच, कान्हेरीच्या लेण्यांत, 1009 आणि 1021 सालचे पहलवी लिपीतले लेख आहेत; लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. हजार वर्षं याच हवेत, याच पाण्यावर हा समाज राहिला, पण लग्नं आपसांतच केली. त्यामुळे वारशाची थाळी बरीचशी तीच राहिली. हवा एक आणि प्रमाण वेगळं, याचा अर्थ वारशाला वजन आहे. 2024 मध्ये प्राचीन सांगाड्यांच्या जनुकांवरून असं मांडलं गेलं की युरोपात एमएसचा धोका वाढवणारी जनुकं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांबरोबर पसरली, आणि गुरांच्या सहवासात राहणाऱ्यांना जंतूंशी लढताना ती उपयोगाची पडली असावीत. एका काळी जीव वाचवणारी प्रतिकारशक्ती दुसऱ्या काळात स्वतःवर उलटते.

पण फक्त वारसा म्हणाल तर तेही खरं नाही. 1990 मध्येच इंग्लंडमधला एक अभ्यास आला. भारतीय उपखंडातून मोठेपणी तिकडे गेलेल्यांत एमएस कमी होता, पण त्यांच्या तिकडे जन्मलेल्या मुलांत तो स्थानिक इंग्रजांच्या जवळपास पोचला होता. जनुकं तीच, बालपण वेगळं. आपल्याकडे एपस्टाइन-बारची लागण बहुधा अगदी लहानपणी, नकळत होऊन जाते. तिकडे ती बऱ्याचदा कुमारवयात, तापाच्या आजाराच्या रूपात होते, आणि अशा उशिराच्या लागणीनंतर धोका वाढतो. ऊन, ड जीवनसत्त्व, धूम्रपान यांचाही वाटा आहे. पेशींची शाळा कधी भरली आणि तिथे कोणता धडा आधी झाला, यावर बरंच अवलंबून आहे.

आणि आपण, बाकीचे मराठी लोक? 2003 मध्ये मुंबईच्या एमएस रुग्णांच्या थाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपात जिचं नाव पुढे आलं होतं त्याच डीआर-15 च्या कुटुंबाशी इथेही संबंध सापडला. म्हणजे हा वेगळ्या लोकांचा वेगळा आजार नाही, तोच आजार आहे. एक महत्त्वाची भर मात्र आशियानं घातली. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवरच प्रामुख्यानं हल्ला होणारे रुग्ण जपान आणि भारतातले डॉक्टर फार वर्षं सांगत होते. 2004 मध्ये त्यांतल्या अनेकांच्या रक्तात एक वेगळंच प्रतिपिंड सापडलं आणि तो न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा स्वतंत्र आजार ठरला. हे नुसतं नावाचं भांडण नाही. बीटा इंटरफेरॉनसारखी एमएसची काही औषधं या दुसऱ्या आजारात उलट नुकसान करतात. म्हणून ती रक्ततपासणी व्हायलाच हवी.

हा इतिहास आपल्याला कशाला?

1980 च्या दशकाअखेर एमआरआय यंत्रं भारतात आली आणि ‘आशियात विरळा’ हे वाक्य बदलायला लागलं. यंत्रं वाढली, मेंदूचे डॉक्टर वाढले, तसे रुग्णही ‘वाढले’. ते आधीही होते. त्यांना अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं गेलं होतं, मणका म्हणून पट्टा बांधला होता, नाहीतर अंगारा लावला होता. ज्या आजाराबद्दल पुस्तक म्हणतं की इथे नसतो, तो डॉक्टरच्या डोळ्यांनाही दिसत नाही. आम्हाला या इतिहासातून हेच सांगायचं आहे.

आज परिस्थिती वेगळी आहे. 1985 पासून मुंबईत एमएस रुग्णांची राष्ट्रीय संस्था काम करते आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, म्हणजे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. वरून धडधाकट दिसतोस, तुला कसलं अपंगत्व, असं कुणी म्हणालं तर कायदा रुग्णाच्या बाजूनं आहे.

तरी औषधं महाग आहेत आणि अंतर आहे. कळंबच्या माणसाला नालासोपाऱ्याला जाऊन गाडी पकडायची, गर्दीत उभं राहून परळला केईएमला किंवा भायखळ्याला जेजेला पोचायचं. बधिर पायानं आणि लघवीवर ताबा नसताना विरारच्या गाडीतला प्रवास काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून पहिली पायरी गावातच पडली पाहिजे. तरुण माणसाला एका डोळ्यानं अचानक धुरकट दिसलं आणि डोळा हलवताना दुखलं, कमरेखाली बधिरपणा चढला, मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटलं, आणि हे एक दिवसाहून जास्त टिकलं, तर ते आपोआप बरं झालं तरी सोडून देऊ नका. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. प्रत्येक वेळी एमएस निघेल असं नाही, बहुतेकदा निघणार नाही. पण लवकर सापडला तर पेशींना आवर घालणारी औषधं मेंदू शाबूत असताना सुरू होतात. चट्टा जुना होऊन घट्ट झाला की ही औषधं तो पुसू शकत नाहीत.

आणि औषध सुरू असेल तर लक्षात ठेवा, ते पेशींनाच आवरतं. त्यामुळे अनेक औषधांच्या आधी क्षय आणि ब कावीळ यांची तपासणी करतात, लसी आधी पूर्ण करून घेतात. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. आणि बरं वाटतंय म्हणून औषध मनानं बंद करायचं नाही. काही औषधं अचानक थांबवली तर अडवून धरलेल्या पेशी एकदम बाहेर पडतात आणि हल्ला आधीपेक्षा जोरात येऊ शकतो.

सुरुवातीला तुम्ही हात वर केले होते. पोटात मेंढीच्या मेंदूचं पाणी टोचून घेणाऱ्या लाखो साध्या माणसांमधल्या ज्या थोड्यांना त्याचा त्रास झाला, त्यांच्यामुळे वैद्यकाला हा प्रश्न विचारायचं सुचलं. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. घरातली सून किंवा मुलगा म्हणाला, पायात जीव नाही, तर निदान त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांना गाडीत बसवा, तपासून आणा. एवढं झालं तरी आजचं बोलणं कामी आलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.